कपाटातली कसर आणि डांबराच्या गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलीय, घरोघरी कपाटं उघडायला लागलीत, म्हणून आत्ताच हे पत्र लिहितेय, जमलं तर चवथीच्या आधी छापा ही विनंती. फोंडा तालुक्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच माझं शिवणाचं काम आहे, ब्लाऊज, साडीला फॉल-पिको, अस्तर बदलणं, जुन्या साडीचा ड्रेस नाहीतर परकर-पोलकं करून देणं, असं सगळं गेली 22 वर्षं करतेय. त्यामुळे लोकांच्या कपाटातून काय निघतं ते मला दरवर्षी बघायला मिळतं आणि श्रावण सरत आला की तेच सुरू होतं. बाई येते, पिशवीतून साडी काढून टेबलावर पसरते, पदरावर बोट ठेवते आणि म्हणते ताई एवढं काहीतरी करून द्या ना, दिसणार नाही असं. या पंधरवड्यात अशा 9 साड्या, 2 कद, म्हणजे पूजेला नेसायची रेशमी सोवळी, आणि एक शेला माझ्याकडे आलाय.

त्यातल्या एका शालूबद्दल सांगते. एक मुलगी आली, तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न आहे. आई 3 वर्षांपूर्वी गेली. आईचा डाळिंबी शालू होता, लग्नात तोच नेसायचा असं तिनं मनाशी ठरवलेलं, फक्त फॉल बदलायचा आणि ब्लाऊज नवं शिवायचं होतं. शालू दुकानातून आणला त्याच प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवी उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की आम्ही दोघी मागे सरलो. घडी उलगडली तर आतल्या बाजूला, नेमकं निऱ्यांच्या जागी आणि पदराजवळ, मसुराएवढी भोकं, एक-दोन नाही, मी मोजली तर 31 भरली. भोकांच्या कडेला पांढुरकं जाळं चिकटलेलं आणि वाळूसारखे बारीक कण, ते पण डाळिंबीच. ती त्या अळीची विष्ठा असते, जो कपडा खाते त्याचाच रंग तिला येतो. शिवाय घडीवर एका ठिकाणी रुपयाएवढा तेलकट डाग होता, कारण कोणीतरी त्याच पुडीत गोळ्यांबरोबर कापूरही बांधून ठेवलेला. कापूर आणि डांबराची गोळी एकमेकांना लागून राहिली की आपल्याकडच्या उकाड्यात दोन्ही मिळून पाझरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुलगी रडली नाही, पण पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, गोळ्या घातल्या होत्या हो ताई, बाबा दरवर्षी आठवणीनं नव्या घालायचे.

गोळ्या घातल्या होत्या. हेच वाक्य मी 22 वर्षं ऐकतेय आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

आपण कपडा खाल्लेला दिसला की सरळ कसर लागली म्हणतो, पण कसर म्हणजे एकच किडा नव्हे, आणि कुठला आहे ते कळल्याशिवाय इलाज होत नाही. एक ती चंदेरी, चपटी, माशासारखी सुळकन पळणारी, पंख नसलेली आणि मागे तीन शेपट्या असलेली. तिला पिठूळ गोष्टी आवडतात, म्हणजे खळ, डिंक, कागद, सुती कापड, रेयॉन. ती कापड बऱ्याचदा आरपार न खाता वरवर खरवडते, त्यामुळे साडी एखाद्या जागी झिजल्यासारखी, जाळीदार दिसते. दुसरी ती पतंगाची अळी, आणि खरं नुकसान हीच करते. पतंग एवढासा, गव्हाच्या दाण्याएवढा, फिकट सोनेरी नाहीतर मळकट रंगाचा, आणि तो स्वतः काहीच खात नाही, त्याला खायला तोंडच धड नसतं. तो फक्त अंडी घालतो, एकेक मादी 40-50 अंडी, तीही टाचणीच्या डोक्यापेक्षा बारीक, कापडाच्या घडीत चिकटवून ठेवलेली. त्यातून निघालेली अळी लोकर, रेशीम, केस, पीस असलं प्राण्यांपासून आलेलं सगळं खाते. उबदार दमट हवेत दीड-दोन महिन्यांत परत नवे पतंग तयार.

इथे एक गैरसमज सांगते. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती जे बारके पतंग घिरट्या घालतात ते बघून बायका घाबरतात की कपड्यांना कसर लागली. ते बहुतेक वेळा तांदळातले नाहीतर पिठाच्या डब्यातले असतात. कपड्यांचा पतंग उजेडाला येतच नाही, कपाट उघडलं की उडण्यापेक्षा धावत अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतो. म्हणून तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो.

तिसरा एक बारका गोल भुंगा असतो, हरभऱ्याच्या अर्ध्याहून लहान, पाठीवर काळे-पांढरे-तपकिरी ठिपके. मोठा झाला की तो फुलांवर जाऊन पराग खातो, म्हणजे पूजेच्या फुलांतूनसुद्धा घरात येऊ शकतो, पण त्याची अळी केसाळ, तपकिरी पट्ट्यांची असते आणि ती लोकर, रेशीम, गालिचा काही सोडत नाही. तिनं टाकलेल्या कातीसुद्धा कपाटाच्या कोपऱ्यात सापडतात, हलक्या, पोकळ, केसाळ.

आणि चौथी आपल्या गोव्यातल्या प्रत्येकानं पाहिलेली आहे, फक्त ती कोण हे विचारलेलं नसतं. पावसाळ्यात भिंतीवर राखाडी रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी, दोन्ही टोकांना निमुळती पिशवी चिकटलेली असते ना, लोक तिला भिंतीची घाण समजून झाडून टाकतात. मागच्या जुलैत मी एकदा मशीन बंद करून अर्धा तास त्या एका पिशवीकडे बघत बसले. आधी काहीच हललं नाही. मग एका टोकातून काळपट डोकं आणि पुढचे बारके पाय बाहेर आले, त्यांनी भिंत धरली आणि सगळी पिशवी ओढत एक-दीड सेंटीमीटर पुढे नेली. मी काडीनं नुसता स्पर्श केला तर आत गेली आणि थोड्या वेळानं दुसऱ्या टोकातून डोकं काढून उलट्या दिशेनं चालू लागली. दोन्हीकडे दार असलेलं घर. ती पिशवी ती स्वतःच बनवते, स्वतःच्या रेशमानं, वर भिंतीची माती, वाळू, धागे चिकटवून. कोळ्याची जुनी जाळी, पडलेले केस हे तिचं मुख्य खाणं, पण लोकर समोर आली तर तीही खाते. जिथे ओल जास्त तिथे ती जास्त, म्हणजे ती भिंतीवर दिसायला लागली की त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात दमटपणा आहे हे समजून घ्यावं.

आता गोळ्यांबद्दल. डांबराची गोळी म्हणजे नॅफ्थलीन, दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात म्हणून ते नाव. तिची हळूहळू वाफ होते आणि ती वाफ किड्याला मारते, पण कधी, तर अगदी हवाबंद पेटीत ती पुरेशी साचली तर. आपलं लाकडी कपाट, दाराला फट, दिवसातून दहा वेळा उघडझाप, त्यात 4 गोळ्या टाकल्या तर वास भरपूर येतो आणि अळी आत घडीमध्ये आरामात खात राहते. वास आला म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो, तिथेच फसतो. वाफ मात्र आपल्या नाकात जातेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2002 मध्ये नॅफ्थलीनला माणसाला कर्करोग करू शकण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं आणि युरोपात 2008 मध्ये या गोळ्यांवर बंदी आली. आपल्याकडे मात्र बाजारात साध्या प्लास्टिकच्या पुडीत, कुठलीही सूचना नसलेल्या, पांढऱ्याशुभ्र, पेपरमिंटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या मिळतात आणि आपण त्या अगदी मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या खणात टाकतो.

हे मी कुठे ऐकून लिहीत नाहीये. आमच्या घरात घडलंय. 2 वर्षांपूर्वी भर पावसात माझ्या बहिणीला नातू झाला. आपल्याकडे बाळाला पहिले कपडे जुने घालायची रीत, धुऊन धुऊन मऊ झालेले असतात म्हणून. बहिणीनं ट्रंकेतून तिच्या मुलाचीच कुंची, टोपडी, दुपटी काढली, इतकी वर्षं जपलेली, गोळ्या घालून. एक दिवस बाहेर पाऊस थांबेना म्हणून धुतली नाहीत, इस्त्री फिरवली आणि घातली. बाळाला रोज तेल लावून मालिश व्हायचं आणि मग त्याच दुपट्यात गुंडाळायचं. 3-4 दिवसांत बाळ पिवळं पडायला लागलं, आम्हाला वाटलं बाळाला होते तशी कावीळ, कोवळं ऊन दाखवा म्हणून सगळे सांगत होते आणि ऊन कुठे होतं. मग बाळ दूध ओढेना, लघवी गडद व्हायला लागली तेव्हा धावपळ करून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बाळाला हातात घेतलं, दुपट्याला नाक लावलं आणि पहिला प्रश्न विचारला की हे कपडे कुठे ठेवलेले होते. तो प्रश्न मी जन्मात विसरणार नाही.

काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं, आईकडून येतं, मुलग्यांमध्ये जास्त दिसतं, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाला नॅफ्थलीनची वाफ लागली तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम चढते. अंगाला तेल असेल तर ते कातडीतून आणखी आत शिरतं. बाळाला दिव्याखाली ठेवावं लागलं, रक्त चढवावं लागलं. आज तो 2 वर्षांचा आहे, घरभर धावतोय, देवाची कृपा आणि त्या डॉक्टरीण बाईंची. पण त्या 5 दिवसांत माझ्या बहिणीनं स्वतःला किती दोष दिला ते मी बघितलंय, आणि तिनं केलं काय होतं तर आई-आजीनं केलं तेच, प्रेमानं जपून ठेवलेलं बाळाला घातलं. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना हात जोडून सांगते, ट्रंकेतले कपडे काढायचे तर बाळ यायच्या महिना-दीड महिना आधी काढा, धुवा, उन्हात-वाऱ्यात दिवसेंदिवस वाळत घाला, वास पूर्ण जाईपर्यंत, आणि वास जात नसेल तर घालू नका. नुसती इस्त्री करून ते जात नाही. आणि बाळाच्या खोलीतल्या कपाटात या गोळ्या नकोतच.

मग कपडा वाचवायचा कसा. आमच्या घरच्या कदानं मला ते शिकवलं. बाबांचा चवथीच्या पूजेचा कद, मोतिया रंगाचा, रुंद काठाचा. सोवळ्याचं वस्त्र म्हणून तो कधी इतर कपड्यांत धुतला गेला नाही, पूजा झाली की झटकायचा, दांडीवर घालायचा आणि घडी करून ठेवून द्यायचा. एका वर्षी काढला तर चाळण. मी तो खिडकीत उजेडासमोर धरला आणि तेव्हा लक्षात आलं की भोकं वाट्टेल तिथे नाहीयेत. कमरेला खोचतो तिथे ओळीनं, जिथे घाम मुरतो. मांडीवर जिथे पंचामृताचे थेंब पडले असणार तिथे पुंजक्यानं. समोर जिथे तूप-गंधाचे हात पुसले गेले तिथे. बाकीचा कद धडधाकट. अळीला नुसत्या रेशमावर नीट वाढता येत नाही, तिला घामातलं मीठ, तूप, दूध, अन्नाचे डाग लागतात, त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणजे कद तिनं खाल्ला तो आपण तिला ताट वाढून ठेवलं म्हणून. तेव्हापासून चवथ झाली की तिसऱ्या दिवसाच्या आत मी कद साध्या पाण्यात रिठ्याच्या फेसानं हलक्या हातानं धुते, सावलीत वाळवते. सोवळं मोडतं असं काही जणांनी म्हटलं. माझ्या वडिलांनी स्वतः सांगितलं की देवाला मळका कद नेसून बसण्यापेक्षा हे बरं, आणि तो विषय आमच्याकडे संपला. शालू-पैठणीला पाणी लावायची भीती वाटत असेल तर ड्रायक्लीनला द्या, त्यानं अंडी-अळ्या मरतात, फक्त पुढे परत लागू नये याची हमी त्यात नसते हे लक्षात ठेवा.

लग्नात एकदाच तासभर नेसली, काही डाग नाही, धुवायला कशाला, हे मी सगळ्यात जास्त ऐकते आणि त्याच साड्या माझ्याकडे भोकं घेऊन येतात. डाग दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, काखेतला घाम, पंगतीतला खतखत्याचा शिंतोडा, सोलकढीचा थेंब सुकून गेलेला असतो.

सुती साड्यांचं वेगळं. आपल्याकडे जुन्या बायका पेजेच्या निवळीची खळ सुती लुगड्याला करायच्या, फार छान कडक बसायची, मीही करते. पण खळ नेसायच्या आधी करायची, ठेवताना नाही. खळ केलेली साडी पावसाळ्यात कपाटात ठेवणं म्हणजे त्या चंदेरी कसरीला जेवायला बोलावणं. कुणबी साडी आता पुन्हा मुली हौसेनं नेसायला लागल्या, त्यात कोलवाळचे दिवंगत फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा, ते 2020 साली गेले, पण त्यांच्यामुळे ती तांबडी चौकडीची साडी मेळाव्यांत, कॉलेजांत परत दिसू लागली याचा मला फार आनंद आहे. ती सुती आहे, पतंगाची अळी तिच्या वाटेला सहसा जात नाही, पण खळ आणि ओल दोन्ही मिळाली की चंदेरी कसर आणि बुरशी तिलाही सोडत नाही.

ओल हा आपला खरा शत्रू. गोव्यात वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या 4 महिन्यांत भिंती पाणी पितात आणि आपण कपाट भिंतीला घट्ट टेकवून ठेवलेलं असतं, त्यात आता तर फर्निचरवाले भिंतीतच बसवून देतात, मागे हवा जायला बोटभर जागा नाही, मग मागून वाळवी लागली तरी ती पुढे येईपर्यंत कळत नाही. कपाट 4 बोटं पुढे ओढा. वरच्या खणात रेशीम ठेवा, तळाला ओल जास्त असते. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका, त्यात ओल कोंडते, साडीची जरी काळी पडते. जुनं धुतलेलं मलमल नाहीतर सुती धोतराचा तुकडा घ्या आणि त्यात साडी गुंडाळा. आमची आजी पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, मे महिन्यात सुकी मासळी, मिरच्या, आमसोलं, कडधान्यं अंगणात उन्हं खायला घालायची, तेव्हाच एका बाजूला बाजेवर पेटाऱ्यातलं एकूण एक कापड यायचं. रेशमी सावलीत, सुती उन्हात. प्रत्येक घडी उलटी करून परत घालायची, म्हणजे दरवर्षी घडी वेगळ्या जागी पडते, कापड चिरत नाही आणि अंडी असतील तर झटकली जातात. मग वेखंडाचा तुकडा, सुकवलेला कडुलिंबाचा पाला, लवंगा पुरचुंडीत. आज आपण पुरुमेत मिक्सर आणि फ्रीजच्या जिवावर सोडून दिलं त्याबरोबर हे पण सुटलं. वेखंड आणि लवंगांबद्दल खरं सांगायचं तर त्यांचा वास किड्याला नकोसा होतो एवढंच, आत बसलेली अळी त्यानं मरत नाही. आजीचं कापड टिकलं ते वेखंडामुळे कमी आणि त्या बाजेवरच्या उन्हामुळे जास्त असं माझं पक्कं मत आहे.

आणि समजा लागलीच कसर, तर. कपडा फेकू नका आणि लगेच औषधही मारू नका. आधी अंगणात नेऊन मऊ ब्रशनं सगळ्या शिवणी, काठाची आतली बाजू, फॉलची दुमड घासून काढा, फॉलच्या आतच जास्त असतात, मी फॉल उसवते तेव्हा दिसतं. सुती आणि पक्क्या रंगाचं असेल तर चांगल्या गरम पाण्यात धुवा, 60 अंशांचं पाणी असलं की काही उरत नाही. रेशीम, लोकर गरम पाण्यात घालता येत नाही, त्याला फ्रीझर. कोरडी ठणठणीत साडी कागदात गुंडाळायची, जाड पॉलिथिन पिशवीत हवा काढून बंद करायची आणि वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये, जिथे उणे 18 अंश होतं तिथे, 2 आठवडे ठेवायची. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढं थंड होईलच असं नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर आपल्याकडच्या हवेतलं पाणी त्या गार कापडावर जमतं आणि जरीला डाग पडतात. मोठमोठ्या संग्रहालयांतसुद्धा जुन्या वस्त्रांना असंच गोठवतात. घरात मासळीच्या शेजारी साडी कशी ठेवू म्हणून लोक नाक मुरडतात, तर दोन पिशव्या वापरा. कपाटाचे खण पूर्ण रिकामे करून सांधे, कोपरे, ड्रॉवरच्या खालची बाजू व्हॅक्युमनं नाहीतर बारीक झाडूनं साफ करा, तिथला केसांचा आणि धुळीचा पुंजका म्हणजे त्यांचं कोठार.

आमच्याकडे एकदा औषध मारणाऱ्या माणसांना बोलावलेलं. आले, घरभर पंप मारला, झुरळांसाठी लागतं तेच, पैसे घेतले आणि गेले. कपाट उघडूनही बघितलं नाही, आणि मी सांगितलं तर म्हणाले आत मारलं की कपड्यांना डाग पडतील. दोन महिन्यांनी परत भोकं. ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी बोलवा, पण किडा कुठला आणि तो कुठे बसलाय हे आधी स्वतः बघून ठेवा.

एक विनंती देवस्थानं आणि नाट्यमंडळांना. आपल्याकडे गावागावांत जत्रेला, कालोत्सवाला नाटकं होतात, आणि मंडळाची पेटी असते, शालू, मखमली अंगरखे, पगड्या, शेले, पडद्यांच्या झालरी. नाटक पहाटे संपतं, नट घामानं निथळलेले, वर रंगाचं तेल, आणि ते कपडे तसेच पेटीत कोंबून पेटी देवळाच्या मागच्या खोलीत वर्षभर. आमच्या गावातली एक पेटी मी गेल्या वर्षी उघडायला सांगितली. आतल्या एका राजवस्त्राची मखमल हातात घेतली तर नुसता पाठीचा कपडा राहिला, वरची लव झडून माझ्या मांडीवर पडली. कोणा कोणाच्या आजोबांनी ती वस्त्रं घालून भूमिका केल्या होत्या. तसंच देवीला आलेल्या साड्यांचं, पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, घेतो त्यांचं, त्यांना हळद-कुंकू, फुलं, तेल, नारळाचं पाणी लागलेलं असतं आणि आपण भक्तिभावानं तशाच जपून ठेवतो. नाटक झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दहा माणसांनी बसून कपडे दांडीवर घालावेत, धुण्यासारखे धुवावेत, आणि मे महिन्यात एक दिवस पेटी उन्हात उघडावी, एवढं मंडळानं ठरवलं तरी पुष्कळ वाचेल. यंदा आमच्या मंडळानं माझं ऐकलंय, तुळशीच्या लग्नानंतर पेटी माझ्या अंगणात येणार आहे.

सरकारकडे एकच मागणी, डांबराच्या गोळ्यांची प्रत्येक पुडी बंद आणि छापील असावी, तिच्यावर मराठीत आणि कोंकणीत ठळक लिहिलेलं असावं की लहान मुलांपासून दूर ठेवा आणि बाळाच्या कपड्यांत वापरू नका. आरोग्य केंद्रात गरोदर बायकांना इतक्या गोष्टी सांगतात त्यात ही एक गोष्ट जोडायला काही खर्च नाही.

आणि वाचकांकडे एक मदत मागायचीय. मला रफू थोडं येतं पण रेशमाचं, काठातलं, जरीतलं खरं रफू येत नाही. पूर्वी बाजारात रफूगार बसायचे, काठातलाच एक धागा ओढून असं भरायचे की बोट फिरवलं तरी कळायचं नाही, आता मला एकही सापडत नाहीये. गोव्यात, सावंतवाडी-बेळगावकडे कोणाला असे कारागीर माहीत असतील तर त्यांनी या सदरातून कळवावं. त्या मुलीचा डाळिंबी शालू सध्या माझ्या फ्रीझरमध्ये आहे, चवथीच्या आदल्या शुक्रवारी त्याचे 2 आठवडे पूर्ण होतील. 31 पैकी 19 भोकं निऱ्यांत दडतील असं मी नेसवून बघितलंय. पदराजवळच्या 12 साठी रफूगार हवाय, आणि लग्नाला अजून वेळ आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
फोंडा, गोवा